दोघींची बेरीज

लहान काट्याच्या तबकात ठेवल्याबरोबर ढबीने असा काही सूर लावला, की बाहेर बाकावर बसलेल्या बायका दारातून आत डोकावल्या. तिच्या लाथांबरोबर काट्यावरचे आकडे नाचत होते. "राहू दे," नर्स म्हणाली, "मागच्यासारखंच करू. हिला घ्या आणि त्या मोठ्या काट्यावर उभ्या राहा. मग तुमचं एकटीचं घेऊ. वजाबाकी येते मला." मी चपला काढल्या, ढबीला छातीशी धरलं आणि उभी राहिले. तिची लाळ आणि आसवं माझ्या गळ्यावर गार होत होती. आकडे थरथरले आणि थांबले. सत्तावन्न किलो दोनशे. "हे बघा," नर्स हसली, "मागच्या महिन्यातही दोघींचं हेच होतं. माझ्या लक्षात राहिलं, कारण माझं एकटीचं तेवढंच आहे. तेव्हाच म्हटलं होतं, मी एकटी तुम्हा दोघींना भारी." मग तिने ढबीला घेतलं, मी एकटी उभी राहिले, तिने वजाबाकी केली आणि मान डोलावली. ढबी सातशे ग्रॅमनी वाढली होती. मी सातशे ग्रॅमनी उतरले होते. "बाळाचं छान चाललंय. तुमचं उतरतंय, पण या दिवसांत उतरतंच," ती म्हणाली आणि पुढच्या बाईला हाक मारली. मी चपला घालायला वाकले तेव्हा काट्यावरचे आकडे अजून दिसत होते. मग ते विझले आणि तिथे नुसती शून्यं उरली.

ढबी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा ती मूठभर होती, सालं काढल्यासारखी लाल, आणि तिला पाहून नवरा म्हणाला होता, "काय ढबी आहे." तो घाबरला की असे विनोद करतो. तेव्हापासून ती ढबी. बाबागाडी ढकलत घरी येताना मी त्या आकड्याला मनातून घालवायचा प्रयत्न करत होते. योगायोग आहे, मी स्वतःला सांगत होते. लोकांचे वाढदिवस जुळतात, गाड्यांचे नंबर जुळतात. रस्त्याच्या कडेला दुकानांच्या काचा होत्या आणि प्रत्येक काचेत एक बाई बाबागाडी ढकलत माझ्याबरोबर चालली होती. ती माझ्यापेक्षा थोडी बारीक दिसत होती. काच संपली की ती संपायची आणि पुढच्या काचेत मधूनच सुरू व्हायची, जणू मधल्या भिंतीतूनही ती चालतच आली होती.

इतर कुणाला असा आकडा दिसला असता तर तो घरी पोचेपर्यंत विसरला असता. माझं काम असं, की मी विसरू शकत नाही. मी वजनांचं वजन करते. कुठे सांगितलं की लोक हसतात. पण दुकानातली, कारखान्यातली, औषधं बनवणाऱ्यांकडची वजनं खरी आहेत हे कुणीतरी सांगावं लागतं, आणि ती ज्या वजनांशी ताडून पाहतात ती खरी आहेत हेही कुणीतरी सांगावं लागतं. त्या दुसऱ्या पडताळणीच्या खोलीत मी बसते. खोलीला खिडकी नाही. दोन दारं आहेत, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. हातात मोजे, वजन चिमट्याने उचलायचं, कारण बोटाचा ठसाही वजनात येतो. तराजू काचेच्या पेटीत, आणि वजनं पारड्यात ठेवली की लगेच वाचायचं नाही. आपण थांबायचं. आपल्या अंगाची ऊबसुद्धा दांडीला कळते. ज्या बाजूला माणूस बसतो तिकडची हवा हलते आणि काटा किंचित खोटं बोलतो. आमचे प्रमुख दर दोन वाक्यांमागे "हळू" म्हणतात, म्हणून त्यांना सगळे मागून हळूसर म्हणतात. मला वाटतं, त्यांना ते ठाऊक आहे.

आमच्या कामाचा सगळा जीव एका अदलाबदलीत आहे. डाव्या पारड्यात एक वजन, उजव्यात दुसरं. काटा वाचायचा. मग डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, आणि पुन्हा वाचायचं. दांडीच्या दोन्ही बाजू कितीही सारख्या केल्या तरी केसाएवढा फरक राहतोच. अदलाबदल केली की तो फरक एकदा या बाजूने येतो, एकदा त्या बाजूने, आणि आपोआप फिटतो. उरतं ते खरं. कॉलेजात आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी हेच जरा वरच्या पट्टीत सांगितलं होतं. एखादी गोष्ट सरकवा, फिरवा, आरशात धरा, आणि तरीही नियमात काहीच फरक पडला नाही, की समजा तिथे कुठेतरी एक राशी बसली आहे जी कधीच बदलत नाही. आजचा प्रयोग उद्या केला तरी नियम तोच, म्हणून ऊर्जा टिकते. इथला प्रयोग तिथे केला तरी नियम तोच, म्हणून संवेग टिकतो. "काहीच फरक पडत नाही, हे फुकट मिळत नसतं," बाई म्हणाल्या होत्या, आणि खडूचा हात साडीला पुसला होता. वर्गात मी तिसऱ्या बाकावर होते. मला तेव्हा ते फार सुंदर वाटलं होतं. आता बाबागाडी लिफ्टमध्ये ढकलताना तेच वाक्य उलटून माझ्याकडे बघत होतं. कारण ढबी झाल्यानंतरचे पहिले आठवडे मी कुठे संपते आणि ती कुठे सुरू होते हे मला कळत नव्हतं. ती झोपेत दचकली की मी दचकायचे. मला तहान लागली की ती रडायची. शेजारच्या कुणाचं तरी मूल रडलं तरी माझा ब्लाउज भिजायचा. आम्हा दोघींची अदलाबदल केली असती तर कुणाला काय फरक पडला असता? आणि फरक पडत नसेल, तर काय बदलत नव्हतं?

पुढच्याच आठवड्यात मी घरासाठी काटा आणला. पातळ, काचेचा, पायाखाली गार लागणारा. नवरा म्हणाला, "ऑफिसात दिवसभर तेच करतेस, आता घरीपण दुकान मांडणार?" मी डब्यांमध्ये पाणी मापून भरलं, ते डबे काट्यावर ठेवले, काढले, कोपरे बदलून ठेवले, आणि काटा बरा आहे अशी खात्री करून घेतली. सासूबाई ढबीला मांडीवर घेऊन हे सगळं बघत होत्या. "पाण्याचं काय वजन करतेयस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काटा तपासतेय. "आमच्या वेळी पोराला नुसतं उचललं की कळायचं," त्या म्हणाल्या. मग रोज सकाळी अंघोळीच्या आधी मी ढबीला घेऊन उभी राहायचे, मग एकटी. ढबीला ते आवडायचं. ती खाली वाकून आकड्यांकडे बघायची. आकडे थरथरायचे, एकमेकांच्या अंगावर पडायचे, आणि मग सत्तावन्न दोनशे. कधी सत्तावन्न एकशेऐंशी, तेवढं चालतं, तेवढी काट्याची चूक मी धरते. पण त्याच्या पलीकडे कधी नाही. ती वाढत होती आणि मी उतरत होते, आणि मधे कुणीतरी ओळंबा धरून उभं होतं.

आईची अंगठी मला त्याच दिवसांत आठवायला लागली. आईच्या बोटात एक साधी अंगठी होती, खडा नसलेली. मी पाचवी-सहावीत असताना ती तिच्या बोटातून निसटायला लागली, तेव्हा तिने अंगठीच्या आतल्या बाजूला दोरा गुंडाळला. पांढरा दोरा होता, भांडी घासून घासून तो करडा झाला. मग काही महिन्यांनी आणखी दोरा. मी तिच्या शेजारी झोपायचे आणि झोप येईपर्यंत तो दोरा नखाने खरवडायचे. मी त्या वर्षांत झपाट्याने वाढले. शाळेचे गणवेश उसवायला लागले, मावश्या मला बघून म्हणायच्या, "काय गं, आईचं सगळं तूच खातेस की काय?" सगळे हसायचे. आईही हसायची. मी कॉलेजात जाईपर्यंत अंगठी म्हणजे नुसता दोऱ्याचा गोळा झाली होती, सोन्याची एक रेघ तेवढी बाहेर दिसायची. शेवटच्या आजारात तिला पलंगावरून खुर्चीत न्यायचं होतं. वडील म्हणाले, थांब, मी पाय धरतो. पण मी तिला आधीच उचललं होतं, एकटीने, आणि उचलताना लावलेला जोर उरला, त्यामुळे मी मागे झोकांडले. रिकामी बादली भरलेली समजून उचलावी तसं. तिने माझ्या गळ्यात हात टाकले होते आणि तिचं डोकं नेमकं इथे, जिथे आता ढबी लाळ गाळते. डॉक्टरांनी तिच्या आजाराला नाव दिलं होतं, आणि ते नाव खरंच असणार. त्या नावावर माझा कधी संशय नव्हता. पण आता सकाळी काट्यावर उभी राहिले की मला वाटायचं, आईला आणि मला कधीतरी कुणी एकत्र उभं करून बघायला हवं होतं.

तरीही इथवर ती नुसती एक विचित्र गोष्ट होती, कुणाला गंमत म्हणून सांगता येईल अशी. मी तशी सांगितलीही. नवऱ्याने पोटावर हात फिरवला आणि म्हणाला, "मग मी जाड होतोय तो कुणाच्या हिशोबातून? बघ, बॉस रोडावलाय जरा." मी हसले. रजा संपून मी कामावर रुजू झाले, त्या दिवशी माझ्या स्वागताला केक आणला होता. मी एक तुकडा खाल्ला, मग दुसरा, मग डब्याच्या कडेला लागलेलं क्रीमही. खूप दिवसांनी कुणीतरी माझ्यासाठी काही आणलं होतं आणि माझ्या मांडीवर कुणी नव्हतं. घरी आले तर सासूबाई दारातच. ढबीला दुपारपासून जुलाब होत होते. ती निपचित नव्हती, हसलीसुद्धा मला बघून, पण डोळे मोठे दिसत होते, चेहऱ्यापेक्षा जरा जास्तच मोठे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काट्यावर उभी राहिले. मी चढले होते. ती तेवढीच उतरली होती. दोघींचं मिळून सत्तावन्न दोनशे. माझ्या तोंडात क्रीमची चव आली, आदल्या दिवशीची, आणि मी बेसिनपाशी जाऊन ओकले. सासूबाई म्हणाल्या, "बाहेरचं खाल्लंस की काय?" मी हो म्हटलं. त्या दिवशी मी काही खाल्लं नाही. संध्याकाळपर्यंत ढबीचे जुलाब थांबले.

मला ठाऊक आहे हे कसं वाचलं जाईल. मी पदव्युत्तर पदवी घेतलेली बाई आहे. एका निरीक्षणावरून नियम बांधू नये हे मी नव्याने लागलेल्या मुलांना रोज सांगते. म्हणून मी दुसऱ्यांदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदाही. जेवले, की तिचं वजन थांबायचं. नाही जेवले, की ती वाढायची. पुढे पुढे मी पडताळा घेणं सोडून दिलं. मला एकच बाजू चालणार होती, मग दुसरी बघायची कशाला? मी शिकले. ताटात वाढून घ्यायचं, भात पसरवायचा, बोलत राहायचं, आणि उठताना घास परत भांड्यात. ऑफिसचा डबा जिन्यातल्या मांजरीला. पाणी मी भरपूर प्यायचे. पाणी तर दुधातूनच जाणार होतं. पोटात कळ आली की ती कुठून निघून कुठे चालली आहे हे मला जवळजवळ दिसायचं, आणि त्यात, खरं सांगायचं तर, एक सुख होतं. रस्त्यात मला चक्कर यायची तेव्हा मी भिंतीला हात लावून उभी राहायचे आणि घरी झोपलेल्या ढबीच्या मनगटावर नवी वळी पडत असेल असं मनात आणायचे. ऑफिसात सामानाच्या खोलीत दार लावून मी बाटलीत दूध काढायचे. एकदा ती बाटली मी आमच्या काट्यावर ठेवली, आधी भरलेली, मग घरून परत आणलेली रिकामी. मधला आकडा पाहून मला बरं वाटलं. एवढी मी तिकडे गेले होते.

सासूबाई सगळं बघत होत्या. त्या बोलून दाखवत नाहीत, भांड्यांतून दाखवतात. माझ्या पुढ्यात ताट जरा जोराने आपटलं जायचं. "कामाला जाणाऱ्या बायकांना हल्ली भूक लागत नाही वाटतं," त्या ओट्याकडे तोंड करून म्हणायच्या. नवरा म्हणायचा, "आई, डाएट असतं त्यांचं." "कसलं डाएट? वाऱ्यावर उडेल अशी झालीये. उद्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला पाठवायची भीती वाटते मला." आणि मग ढबीला उचलून, तिच्या पोटात नाक खुपसून, "आमच्या ढबीला मात्र ढबू करायचं बरं का." ढबी खिदळायची. मी हे ऐकत मान खाली घालून भात पसरवत असायचे.

मग ऑफिसात तराजू बिघडला. म्हणजे मला तसं वाटलं. अदलाबदल करून दोन्ही वेळा वाचलं की बेरीज बसायला हवी, ती बसेना. मी पुन्हा केलं. काटा माझ्यापासून दूर सरकत होता. आधी नेहमी तो माझ्या बाजूला ढळायचा, माझ्या उबेमुळे, आणि त्याची दुरुस्ती कशी करायची हे आम्हाला पाठ असतं. आता तो मी बसले की पलीकडे ढळत होता, जणू माझ्या बाजूने गार वारा येत होता. मी मोजे काढून हात गालाला लावला. गालाला काहीच कळलं नाही. दोन्ही सारखेच गार होते. हळूसर काचेपलीकडून बराच वेळ बघत असावेत. मी बाहेर आले तेव्हा ते म्हणाले, "बसा जरा. हळू." मी बसले. त्यांना घरातलं काही सांगायचं नव्हतं, म्हणून मी प्रश्न आमच्या भाषेत विचारला. "सर, समजा दोन पारडी आहेत. एक चढतं, एक उतरतं, आणि बेरीज कायम. महिनोन्महिने. तर काय समजायचं?" त्यांनी चष्मा काढला. "आधी पेटी बंद आहे का ते बघायचं," ते म्हणाले, "उघड्या पेटीत बेरीज टिकत नाही. टिकली, तर मला आनंद होत नाही, भीती वाटते." "भीती कशाची?" "कुणाचा तरी हात आत आहे. आपोआप टिकलेली बेरीज थरथरते हो, जरा इकडे, जरा तिकडे. फार नीट टिकली की समजायचं, कुणीतरी टिकवतंय." मग म्हणाले, "आणि काटा आपल्याला हवा तिथे थांबायला लागला की रजा घ्यावी. मी एकदा घेतली होती. बायकोने घ्यायला लावली." त्यांनी हसून चष्मा पुसला. मी त्यांचे आभार मानले, आणि मनात म्हटलं, यांना मूल नाही.

त्याच आठवड्यात सकाळी काट्यावर सत्तावन्नच्या खालचा आकडा आला. मी उतरले, काटा कोरडा केला, दुसऱ्या फरशीवर ठेवला, पुन्हा उभी राहिले. मग बेडरूममध्ये. मग ढबीचा लंगोट काढून, माझ्या हातातलं घड्याळ काढून, जरी त्याने आकडा आणखी कमीच होणार होता. दुसऱ्या दिवशी तो आणखी खाली होता. मी ठरल्याप्रमाणे उतरले होते. पण ढबी चढली नव्हती. माझ्यातून गेलं ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मी बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले आणि ती माझ्या मांडीवर माझ्या गळ्यातली साखळी चोखत राहिली. नियम मोडला, असं मला वाटायला हवं होतं. मला वाटलं, कुणीतरी तिसरं आहे. बंद पेटीतून काही नाहीसं होत नाही. ते कुठेतरी जमा होतं. आमच्या इमारतीसमोर अगदी तशीच दुसरी इमारत आहे, एकाच नकाशाची, फक्त उलटी धरलेली, म्हणजे आमचं स्वयंपाकघर जिथे डावीकडे तिथे त्यांचं उजवीकडे. समोरचा फ्लॅट कित्येक महिने रिकामा आहे. त्या दिवसांत मी ढबीला कडेवर घेऊन खिडकीत उभी राहायचे आणि त्या उलट्या घराकडे बघायचे. पडदे नव्हते, सामान नव्हतं. जमिनीवर उन्हाचा एक चौकोन तेवढा असायचा. पण रिकाम्या खोल्या रिकाम्या दिसतात तशा त्या दिसत नव्हत्या. तिथे कुणी वाढतंय, आमचं दोघींचं घेऊन, असं मला सारखं वाटायचं, आणि ढबीही तिकडे टक लावून बघायची, हसायची नाही, रडायची नाही, नुसती बघायची. मी उपास आणखी कडक केला. पोचत नसेल तर जास्त पाठवायचं, दुसरं काय करणार?

दवाखान्यात या वेळी सासूबाई बरोबर आल्या, मी नको म्हणत असताना. ढबी लहान काट्याच्या तबकात रडली नाही. गुपचूप पडून राहिली. नर्सने मागचा आकडा बघितला, पुन्हा तबकाकडे बघितलं, आणि कसलाही विनोद न करता आम्हाला आत पाठवलं. डॉक्टरबाईंनी ढबीच्या मांडीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश खाली बसली. त्यांनी ढबीला तपासलं आणि मग माझ्याकडे वळल्या, माझं मनगट धरलं, माझ्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या. "दूध पुरतंय का हिला?" "पुरतंय," मी म्हटलं. "कुठलं पुरतंय," सासूबाई मागून म्हणाल्या. "पाच मिनिटांत सोडते आणि बोटं चोखत बसते. बाटलीत थेंबभर येतं. ही जेवतच नाही हो. मला दिसत नाही असं वाटतं हिला. पानातलं परत भांड्यात जातं ते रोज मीच झाकून ठेवते ना." त्यांनी पदर तोंडाला लावला. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "तुम्ही खात नाही, म्हणून दूध आटलं," त्या म्हणाल्या, "दूध आटलं, म्हणून ही उतरली. हिला आजपासून वरचं सुरू करू, ते मी लिहून देते. पण तुम्ही आज जेवायचं. घरी गेल्यावर लगेच. आणि परवा तुम्ही एकट्या माझ्याकडे या, बाळाला न घेता. आपण बोलू." मी विचारलं, "मी जेवले आणि हिचं उतरलं तर?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "परवा या," त्या पुन्हा म्हणाल्या, "नक्की."

परत येताना सासूबाईंनी ढबीला मला घेऊ दिलं नाही. रिक्षात त्या तिला पदरात घट्ट धरून बसल्या होत्या आणि मी शेजारी, मधे हातभर जागा. मी मनात सगळं पुन्हा मांडत होते. डॉक्टरबाईंची साखळी बरोबर होती, त्यात एकही कडी सैल नव्हती: मी नाही, म्हणून दूध नाही, म्हणून ती नाही. एकच बाजू. चढताना एकत्र, उतरताना एकत्र. हे मला कुणीही सांगितलं असतं, पहिल्या वर्षाच्या पोरानेसुद्धा. मग इतके दिवस ते आकडे कोण धरून बसलं होतं? हळूसरांचा हात आठवला, चष्मा पुसणारा, आणि मग माझा स्वतःचा, भात पसरवणारा. तो मला माझ्या मांडीवर पडलेला दिसत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो माझाच आहे हे पटायला वेळ लागला. कळलं, तरी भीती जागची हलली नाही. ती नियमाच्या आधाराने उभी आहे असं मला वाटत होतं. नियम काढून घेतला आणि ती तशीच उभी राहिली.

घरी नवरा आधीच येऊन थांबला होता. त्याला सासूबाईंनी फोन केला असणार. त्याने विनोद केला नाही. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि नुसतं म्हणाला, "ये." टेबलावर ताट होतं. भात, भाजी, उकडलेलं अंडं. दुपारचं ऊन ताटाच्या काठावर आलं होतं. नवऱ्याने ढबीचं नवं दूध कालवून आणलं, पण ते अजून गरम होतं, म्हणून बाटली निवत ठेवली. सासूबाई टेबलाच्या पलीकडे ढबीला मांडीवर घेऊन बसल्या, माझ्या बरोबर समोर. "बस," त्या म्हणाल्या, आणि मग हळू आवाजात, जसं त्या ढबीशी बोलतात, "बस गं. मी धरलंय हिला."

मी घास उचलला. भात हाताला ऊन लागला. माझ्या आत जे काही होतं ते ओरडत होतं, की हा तिच्यातून येतोय, बघ, आत्ता तिच्या मनगटातून येतोय. मी ढबीच्या मनगटाकडे बघितलं. मी तोंड उघडलं. समोर ढबीनेही तोंड उघडलं.

मी थांबले. तिनेही तोंड तसंच उघडं ठेवलं, माझ्या हाताकडे बघत, ओठांच्या कोपऱ्यात लाळेचा थेंब. मी घास आत घेतला आणि चावला. तिच्या तोंडात काही नव्हतं, आणि तिच्या हिरड्या चावत होत्या, अगदी माझ्या वेगाने, माझ्या जबड्याबरोबर खालीवर. मी गिळला. तिच्या गळ्याशी काहीतरी हललं. "बघ बघ," नवरा म्हणाला, "तिलाही हवंय." सासूबाई हसल्या, डोळे पुसत. त्या दोघांना ते गोड वाटत होतं. मी टेबलाच्या लाकडावर डावा हात दाबून धरला, कारण मला वाटत होतं की मी पलीकडच्या खुर्चीत आहे, कुणाच्या तरी मांडीवर, आणि एक उंच, गार बाई माझ्यासमोर बसून माझं जेवते आहे, आणि मी तिला काही करू शकत नाही, नुसतं तोंड उघडू शकते. दुसरा घास. ढबीने जबडा हलवला. तिचे डोळे माझ्यावरून एकदाही निघाले नाहीत. कोण कुणाची नक्कल करतंय हे मी शोधू लागले, आणि एकदा मला स्पष्ट दिसलं की तिने तोंड आधी उघडलं, मी नंतर. मी जेवत राहिले. अंडं, भाजी, भात. प्रत्येक घास गळ्याखाली उतरताना मी तिच्याकडे बघत होते, आणि ती गेली नाही, ती तिथेच होती, गाल होते तेवढेच होते, हात हलत होते. पोटात ऊब पसरायला लागली तशी मला रडू आलं, आणि मी रडत जेवले, आणि तिनेही ओठ काढले. ताट संपलं.

सासूबाईंनी ढबीला दुसऱ्या हातावर घेतलं आणि मोकळ्या हाताने भाताचं भांडं पुढे ओढलं. "अजून वाढू?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघींनी तोंड उघडलं.